ऐकणारे यंत्र, वाचणारे मूल

प्रतिक्रमण करताना आपण ज्ञानाच्या अतिचारांची आलोचना करतो. श्वेतांबर परंपरेतील आवश्यक सूत्रात ज्ञानाचे जे चौदा अतिचार सांगितले आहेत, त्यांतील काही शब्दांपाशी क्षणभर थांबावे. हीनाक्षर म्हणजे अक्षर गाळून म्हणणे. अत्यक्षर म्हणजे नसलेले अक्षर जोडून म्हणणे. पदहीन म्हणजे अखंड पद सोडून पुढे जाणे. घोषहीन म्हणजे योग्य स्वराघाताविना म्हणणे. पूर्वाचार्यांनी पठणातील चुकांचे केलेले हे सूक्ष्म वर्गीकरणच आहे. आजचे वाचनशास्त्राचे अभ्यासक मुलाचे वाचन ऐकताना कागदावर ज्या खुणा करतात, त्याही जवळजवळ याच असतात: शब्द गाळला, शब्द वाढवला, शब्द बदलला, आरोह-अवरोह सोडला.

यात नवल नाही. आपले ज्ञान दीर्घकाळ मुखातून कानात आणि कानातून मुखात वाहत राहिले. म्हणून तर त्याला ‘श्रुत’ म्हणतात. वल्लभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले, त्या परिषदेलाही आपण ‘वाचना’ असेच म्हणतो. पाठशाळेत आजही मागचा पाठ म्हणून दाखवल्याशिवाय गुरुजी पुढची गाथा देत नाहीत. शिष्य म्हणतो, गुरू ऐकतो, चुकले तेथे थांबवतो, शिष्य पुन्हा म्हणतो. या शिक्षणपद्धतीत गुरूचे पहिले काम बोलण्याचे नसून ऐकण्याचे आहे.

आता हे ऐकण्याचे काम काही प्रमाणात यंत्र करू लागले आहे. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचते, मोबाइल किंवा संगणक ते ऐकतो, अडखळलेला शब्द ओळखतो, तो उच्चारून दाखवतो आणि मूल शेवटापर्यंत पोहोचले की शाबासकी देतो. या तंत्राला वाणी-ओळख, म्हणजे बोललेले शब्द यंत्राने ओळखणे, असे म्हणतात. हे तंत्र काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि घरातील व पाठशाळेतील वडीलधाऱ्यांनी त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रश्न अक्षरओळखीच्या पुढचा

आपल्या देशात बहुतेक सर्व मुले शाळेत जातात. पण शाळेत जाणे आणि वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ नावाची पाहणी होते. तिची चाचणी अगदी साधी आहे. प्रत्येक मुलापुढे एकेकट्याने बसून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतली जाते. २०२२ मध्ये पाचवीतील मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये हे प्रमाण ४८.८ टक्क्यांपर्यंत सुधारले. सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही ग्रामीण भागात पाचवीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले अजून तीन वर्षे मागे आहेत, हाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न केवळ खेड्यातला किंवा परक्याचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच समाजात इंग्रजी माध्यमात शिकणारी अनेक मुले मराठी अस्खलित बोलतात. मात्र मराठी पुस्तकाचे एक पान पुढे ठेवले की जोडाक्षरापाशी थबकतात. घरी मारवाडी, गुजराती किंवा कन्नड, शाळेत इंग्रजी, परिसरात मराठी आणि प्रवचनात हिंदी, असा चार भाषांचा संसार लहान वयातच त्यांच्या वाट्याला येतो. ऐकून त्यांना सर्व समजते, वाचून समजत नाही. परिणामी आजोबांनी जपलेला मराठी ग्रंथसंग्रह नातवाच्या दृष्टीने बंद कपाट ठरतो.

मोठ्याने वाचणे आणि कोणीतरी ऐकणे

वाचनाला दोन पंख आहेत. एक, लिखित अक्षरांवरून शब्द ओळखणे. दुसरा, त्या शब्दांचा अर्थ लावणे. मनाची धारणाशक्ती एका वेळी थोडेच पेलू शकते. प्रत्येक अक्षर जुळवण्यातच ती खर्ची पडली, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाते. मूल वाक्य वाचते, पण काय वाचले ते सांगू शकत नाही. शब्दओळख सहज होऊ लागली की मन अर्थाकडे वळण्यास मोकळे होते. म्हणूनच ओघवत्या वाचनाला एवढे महत्त्व आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अचूक व समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

ही सहजता येते सरावाने; पण कोणत्याही सरावाने नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली अनेक संशोधनांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, जाणत्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचनाचा ओघ निश्चित सुधारतो. आपल्या पाठशाळेतील जुन्या पद्धतीचेच हे आधुनिक समर्थन म्हणावे लागेल.

अडचण येते ती वेळेची. वर्गात चाळीस मुले आहेत आणि प्रत्येकाचे वाचन रोज दहा मिनिटे ऐकायचे आहे, असे धरू. चारशे मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून अधिक वेळ केवळ यासाठी लागेल. शाळेचा अख्खा दिवस त्यात संपेल. म्हणून वर्गात धडा सामुदायिक वाचला जातो. चार चांगले वाचणारे पुढे वाचतात, उरलेले त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतात, आणि कोण वाचतो व कोण केवळ ओठ हलवतो हे शिक्षकाला कळत नाही. घरी आई-वडील दिवसभराच्या कामाने थकलेले असतात. मुलाला वाचायचे आहे, पण ऐकायला कोणी नाही. यंत्राची गरज निर्माण झाली ती याच पोकळीतून.

पिट्सबर्गचा पहिला प्रयत्न

या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने. तेथील संशोधक जॅक मोस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘प्रोजेक्ट लिसन’ या नावाने वाचन ऐकणारा संगणक तयार करण्यास आरंभ केला. पडद्यावर गोष्ट दिसावी, मुलाने ती वाचावी, संगणकाने ऐकावे आणि कोठे मदत करायची, कोठे गप्प राहायचे हे स्वतः ठरवावे, अशी कल्पना होती.

१९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही मननीय आहेत. वाचनात मागे असलेल्या दुसरीच्या मुलांवर केलेल्या त्या चाचणीत संगणकाने चुकीच्या वाचलेल्या शब्दांपैकी ४९ टक्के शब्द पकडले. बरोबर वाचलेला शब्द चुकीचा ठरवण्याचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे निम्म्या चुका त्याच्या कानावरून निसटल्या. परंतु निर्दोष मुलाला दोषी ठरवण्याचे प्रसंग क्वचितच आले. त्याच संशोधनात असेही दिसले की, संगणकाच्या मदतीच्या धर्तीवर मुलांना साहाय्य दिले असता, एकट्याने जेवढे वाचता आले असते त्यापेक्षा ०.६ वर्ष पुढच्या पातळीचा मजकूर ती वाचू व समजू शकली.

या दोन आकड्यांच्या तोलामागे एक विवेक आहे. यंत्राचा कान फार तिखट केला, तर ते बरोबर वाचणाऱ्या मुलालाही वारंवार टोकते. मूल खट्टू होते आणि वाचनच सोडते. कान सैल ठेवला, तर काही चुका सुटतात, पण मूल वाचत राहते. शिकणाऱ्याच्या बाबतीत दुसरा दोष पत्करणे श्रेयस्कर. चांगला शिक्षकही प्रत्येक चूक दाखवत नाही. अर्थाला धक्का देणारी चूक तेवढी थांबून सुधारतो.

यंत्र ऐकते कसे?

यंत्राचे ऐकणे म्हणजे एक प्रकारचे मोजमाप आहे. मुलाचा आवाज मायक्रोफोनमधून आत गेला की एका सेकंदाच्या आवाजाचे सुमारे शंभर सूक्ष्म भाग पाडले जातात. प्रत्येक भागात उंच-नीच कंपनांचे प्रमाण किती, हे मोजले जाते. असंख्य माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राला आधीच शिकवलेले असते की अमुक प्रमाण असेल तर तो ध्वनी बहुधा ‘क’ असावा, अमुक असेल तर ‘आ’. या शक्यतांची साखळी जोडून यंत्र शब्दापर्यंत पोहोचते. त्याला निश्चित असे काही कळत नाही. ते सर्वाधिक संभाव्य उत्तर निवडते.

वाचनाच्या सरावात यंत्राला एक मोठी सवलत असते. मुलासमोर कोणते वाक्य आहे, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे ‘हे मूल काय बोलत आहे?’ या अवघड प्रश्नाऐवजी ‘समोर लिहिले आहे तेच हे मूल बोलले का?’ एवढ्या मर्यादित प्रश्नाचे उत्तर त्याला शोधायचे असते. मिनिटभरात मुलाने ७० शब्द वाचले आणि त्यांतील ८ चुकले, तर अचूक वाचनगती ६२ शब्दांची, असा हिशेब ते क्षणात मांडते.

तरीही मुलांचा आवाज ही यंत्राची कसोटीच असते. मुलांचा कंठ लहान, आवाज उंच, उच्चार अजून घडत असलेले. त्यातच मूल मध्ये थांबते, शब्दाचा पहिला भाग दोनदा म्हणते, हसते, शेजारच्याशी बोलते. प्रौढांच्या आवाजावर शिकलेले यंत्र येथे गोंधळते. मागे पंखा किंवा दूरदर्शन चालू असेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

आपल्या देशातील वाटचाल

मार्च २०१९ मध्ये गूगल कंपनीने भारतात ‘बोलो’ नावाचे मोबाइल ॲप सुरू केले. आरंभी ते हिंदी व इंग्रजीसाठी होते. पुढे मराठीसह अन्य भारतीय भाषाही त्यात आल्या. २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नावाने ते इतर देशांतही उपलब्ध झाले. त्यातील ‘दिया’ नावाची सोबतीण मुलाचे वाचन ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते आणि कौतुक करते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवायही ते चालते. उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत ‘असर’ केंद्राच्या साहाय्याने त्याची पूर्वचाचणी झाली होती. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारल्याचे कंपनीने त्या वेळी जाहीर केले. हा आकडा निर्मात्यांनी स्वतः सांगितलेला आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीमध्ये, प्राध्यापक प्रीती राव यांच्या ध्वनिसंशोधन गटाने ‘तारा’ ही प्रणाली विकसित केली. तिचा हेतू थोडा वेगळा आहे. मुलाने वाचलेला उतारा ध्वनिमुद्रित होतो आणि त्याच्या वाचनाची अचूकता, गती व ओघ यांचे मोजमाप शिक्षकाच्या हाती येते. केंद्रीय विद्यालयांनी तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी हिंदी व इंग्रजी वाचनाच्या मूल्यमापनात ती स्वीकारली. या गटाच्या संशोधनात केवळ शब्दांची मोजणी नाही. मूल योग्य ठिकाणी थांबते का, आवाजाचा चढ-उतार अर्थाला धरून आहे का, याचाही अभ्यास आहे. ‘घोषहीन’ या अतिचाराकडे विज्ञानाचे लक्ष गेले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. शेजारच्या गुजरात राज्यातही सरकारी शाळांतील मुलांचे वाचन तपासण्यासाठी वाधवानी एआय या संस्थेने ‘वाचन समीक्षा’ नावाचे साधन शिक्षण विभागाच्या सहकार्याने आणले आहे.

या साधनांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. एक प्रकार मुलाचा सोबती होतो आणि सराव करवून घेतो. दुसरा शिक्षकाचा साहाय्यक होतो आणि कोणाला कोठे अडते ते दाखवतो. घरासाठी पहिला, शाळेसाठी दुसरा अधिक उपयोगी.

मराठीचे कंगोरे

मराठी वाचनाची काही खास वळणे आहेत आणि यंत्राची परीक्षा तेथेच होते. ‘ज्ञान’ हाच शब्द घ्या. मराठी मूल तो ‘द्न्यान’ असा उच्चारते, हिंदी भाषक ‘ग्यान’ म्हणतो, गुजराती घरात ‘ग्नान’ ऐकू येते. आपल्या समाजातील मुलाच्या कानावर हे तिन्ही उच्चार पडलेले असतात. ‘संवर’, ‘संसार’, ‘सिंह’ या शब्दांतील अनुस्वार मराठीत ‘व’कडे झुकतो, हिंदीत तसे होत नाही. हिंदीवर शिकलेले यंत्र मराठी मुलाचा शुद्ध उच्चार चुकीचा ठरवू शकते.

‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन दोन उच्चार हे आणखी एक वळण. ‘चार’ ही संख्या आणि गुरांचा ‘चारा’, यांतील ‘च’ लिहिताना एकच, बोलताना वेगळा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरे तीच, उच्चार भिन्न. कोणता उच्चार करायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्याचा अर्थ सांगतो. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या जोडीची मौज तर आपल्या वाचकांना सांगायलाच नको. एक शब्द वंदनीय गुरूंकडे नेतो, दुसरा स्वयंपाकघराकडे. फरक ‘र’च्या एका लहानशा खुणेचा. घाईने वाचणाऱ्या मुलाच्या तोंडून दोन्ही सारखेच बाहेर पडतात आणि यंत्राच्या कानाला तो फरक जाणवेलच, असे नाही.

त्याहून नाजूक प्रश्न बोलीचा. खानदेशात व वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. एखादे मूल पुस्तकातला ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हणाले, तर ते चुकले काय? त्याने शब्द ओळखला आहे, अर्थ जाणला आहे, केवळ आपल्या घरच्या आवाजात तो उच्चारला आहे. हा वाचनदोष नव्हे. प्रमाण उच्चार त्याला पुढे शिकवावा, अवश्य शिकवावा; पण ‘तुला वाचता येत नाही’ असा शिक्का त्याच्यावर मारू नये. यंत्राला हा भेद करता येत नसेल, तर जवळच्या माणसाने तो करावा. एकाच शब्दाकडे अनेक बाजूंनी पाहण्याची अनेकांतदृष्टी आपल्याला वारशाने मिळाली आहे. ती येथेही उपयोगी पडावी.

यंत्राला जे ऐकू येत नाही

काही गोष्टी यंत्राच्या आवाक्याबाहेरच आहेत. त्यांतील पहिली आपल्या घरांत विशेष आढळते. आपली मुले लहानपणापासून सूत्रे व स्तोत्रे मुखोद्गत करतात. पुस्तक पुढे असते, बोट ओळीवरून फिरत असते, आवाज खणखणीत असतो. परंतु बोट एका ओळीवर आणि वाणी दुसऱ्या ओळीवर, असे अनेकदा दिसते. मूल पाठ म्हणत असते, वाचत नसते. यंत्राला केवळ आवाज ऐकू येतो, नजर कोठे आहे ते कळत नाही. तेव्हा पाठ असलेली गोष्ट पाचव्यांदा निर्दोष वाचली आणि यंत्राने पूर्ण गुण दिले, तरी ती वाचनाची पावती नव्हे. प्रगती पाहायची असेल तर मुलाने पूर्वी न पाहिलेला उतारा द्यावा. मुखपाठ ही थोर साधना आहे. पण तिला वाचन समजण्याची गल्लत होऊ नये.

दुसरी गोष्ट गतीची. मिनिटाला किती शब्द, हा आकडा दिसू लागला की स्पर्धा सुरू होते. मूल स्वल्पविराम गिळते, पूर्णविरामावरून धावत सुटते. ६० शब्दांचा निकष हा अर्थापर्यंत पोहोचण्याचा उंबरठा आहे, शर्यतीची अंतिम रेषा नव्हे. ९० शब्द वाचून काहीच न सांगू शकणाऱ्या मुलापेक्षा ५५ शब्द वाचून गोष्ट रंगवून सांगणारे मूल अधिक चांगले वाचते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्थाची. यंत्र सांगेल की मुलाने ‘अपरिग्रह’ हा शब्द बरोबर उच्चारला. त्याचा अर्थ त्याच्या मनात उतरला का, नव्या खेळण्याचा हट्ट करताना तो शब्द त्याला आठवेल का, हे यंत्र सांगू शकत नाही.

येथे ज्ञानाचाराच्या आठ अंगांचे स्मरण होते. काल, विनय, बहुमान, उपधान, अनिह्नव, व्यंजन, अर्थ आणि तदुभय, ही ती अंगे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांत ती मान्य आहेत. शेवटची तीन क्रमाने पाहिली तर या सर्व चर्चेचे सार हाती येते. व्यंजन म्हणजे अक्षर-शब्दांची शुद्धी. अर्थ म्हणजे आशयाची शुद्धी. तदुभय म्हणजे दोन्हींची एकत्र शुद्धी. यंत्राने पहिल्या अंगाचा भार काही अंशी उचलला आहे. दुसरे आणि तिसरे अंग माणसाकडेच आहे. यंत्र आल्याने आपली जबाबदारी कमी झालेली नाही; चुका टिपण्यात जाणारा वेळ आता अर्थ उलगडण्यासाठी वापरण्याची संधी मिळाली आहे, एवढेच.

घरात आणि पाठशाळेत

या साधनाचा उपयोग करू इच्छिणाऱ्या पालकांनी व पाठशाळेच्या शिक्षकांनी काही पथ्ये पाळावीत.

रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण ती ठरलेल्या वेळी असावीत. रविवारी सलग दोन तास वाचण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळ देतात. जागा शांत असावी; दूरदर्शन बंद, मोबाइल मुलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

मजकुराची पातळी योग्य असावी. दहा शब्दांमागे एकाहून अधिक शब्द अडत असेल, तर तो मजकूर त्या मुलासाठी अवघड आहे असे समजून सोपी गोष्ट घ्यावी. चौथीतल्या मुलाला पहिलीची गोष्ट देण्यात कमीपणा मानू नये. तोच उतारा दोन-तीन दिवस वाचू द्यावा आणि मग नवा द्यावा.

यंत्राचे ऐकून झाले की घरातील एखाद्याने दोन प्रश्न विचारावेत. एक, गोष्टीत काय घडले? दुसरा, तसे का घडले असावे? येथे आजी-आजोबांसारखा योग्य माणूस दुसरा नाही. त्यांच्याजवळ वेळ आहे, भाषा आहे आणि मुलाविषयी माया आहे. ज्या आजीला मोबाइल हाताळता येत नाही, तिला गोष्ट ऐकता मात्र निश्चित येते. किंबहुना, जेथे आजी-आजोबा रोज ऐकायला बसतात, तेथे यंत्राची गरज फारशी उरत नाही.

गुण चारचौघांत सांगू नयेत, भावंडांची तुलना करू नये. मागे पडलेले मूल वर्गात मोठ्याने वाचायला घाबरते, कारण कोणीतरी हसेल ही भीती असते. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, दहाव्यांदा चुकले तरी त्याचा स्वर बदलत नाही. या गुणाबाबत ते आपल्याहून सरस आहे, हे मान्य करायला हवे. वाणीची अहिंसा आपण पाठशाळेत शिकवतो. अडखळणाऱ्या मुलासमोर तिचे आचरण व्हावे.

मुलाचा आवाज ही त्याची खाजगी ठेव आहे. कोणतेही ॲप वापरण्यापूर्वी आवाज मोबाइलमध्येच तपासला जातो की बाहेर पाठवून साठवला जातो, हे पालकांनी पाहावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. पाठशाळेने सामुदायिक उपक्रम करायचा असेल, तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

आणि शेवटचे पथ्य. अनेक महिन्यांच्या सरावानंतरही मूल अक्षरांची अदलाबदल करीत असेल, ओळ सुटत असेल किंवा वाचताना डोके दुखत असेल, तर त्याचे डोळे व कान तपासून घ्यावेत आणि अध्ययन-अक्षमतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यंत्राने दिलेला गुण हे निदान नव्हे. अशा मुलाला आळशी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

समाजापुढील काम

शिक्षणासाठी वास्तू उभारणे आपल्या समाजाला नवे नाही. कुंभोज येथे १८८७ मध्ये एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांना एका छताखाली शिकवले. त्या काळी मुलाला शाळेपर्यंत पोहोचवणे हेच आव्हान होते. आज मूल शाळेत आहे. त्याला पुस्तकाच्या आत पोहोचवणे हे आव्हान आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. बहुतेक गावांत संघाचे वाचनालय किंवा सभागृह आहे आणि दुपारी ते रिकामे असते. तेथे दोन-तीन साधे मोबाइल, निवडक मराठी गोष्टींची पुस्तके आणि ऐकायला बसणारे चार ज्येष्ठ श्रावक-श्राविका एवढ्यावर वाचनकेंद्र चालू शकते. एक मूल यंत्रासमोर वाचेल, दुसरे आजींसमोर छापील पुस्तकातून वाचेल, तिसरे वाचलेली गोष्ट सांगेल. मग जागा बदलतील. या केंद्राचे दार आपल्या दुकानांत व घरांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठीही उघडे असावे. ज्ञानदानाला श्रेष्ठ दान म्हणताना ते कोणाला द्यावे, याची मर्यादा शास्त्राने घातलेली नाही.

कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. त्या दिवशी आपण ग्रंथ बाहेर काढतो, त्यांवरील धूळ झटकतो, त्यांची पूजा करतो. यंदा त्या पूजेत एक लहानशी भर घालावी. घरातील किंवा शेजारच्या एका मुलाला जवळ बसवावे, त्याने न पाहिलेले एक पान त्याला वाचायला द्यावे आणि मध्ये न बोलता ते शेवटपर्यंत ऐकावे. कोणते अक्षर गळले, ते यंत्र सांगेल. त्या पानात काय आहे, हे मात्र त्या मुलाशी आपणच बोलायचे आहे.